डावा हात राखून ठेवावा

मूत्रपिंडें निकामी झालेला एखादा तरी आप्त आजकाल बहुतेक घरांच्या नात्यागोत्यांत असतो. "त्यांचें डायलिसिस चालूं आहे," हें वाक्य लग्नमुंजींत कानीं पडतें. आपण हळहळतों, आठवड्यांतून किती वेळां जावें लागतें, खर्च काय येतो, एवढी चौकशी करतों आणि दुसऱ्या विषयाकडे वळतों. परंतु रोगी आणि यंत्र यांच्यामध्यें रक्ताची ये-जा ज्या वाटेनें व्हावयाची ती वाट कोणती, ती केव्हां व कशी तयार करावयाची, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. मींही विचारलें नव्हतें. आणि त्याची शिक्षा मला नव्हे, माझ्या धाकट्या भावजयीला भोगावी लागली. ती चूक दुसऱ्या घरांत होऊं नये, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

मी वैद्य नव्हे. वडूज येथें मुलांना शिकवून निवृत्त झालेला एक मास्तर आहें. पुढें जें सांगत आहें तें रुग्णालयाच्या बांकावर बसून, डॉक्टरांना व परिचारिकांना विचारून आणि मिळेल तें वाचून जमविलें आहे. आपल्या रोग्याविषयींचा निर्णय वाचकांनीं अर्थातच आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानें घ्यावा.

एका नकाराची गोष्ट

माझ्या भावजयीला वीस वर्षांचा मधुमेह, आणि जोडीला रक्तदाब. 2021 सालच्या दिवाळीनंतर तपासणीसाठीं नेलें असतां डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंडांचें काम शेंकडा पंधरा-सोळाच उरलें आहे. वर्षभरांत डायलिसिस लागण्याचा संभव फार. आतांच डाव्या हाताला फिस्टुला करून घ्या, आणि आजपासून त्या हाताला सुई लावूं देऊं नका."

फिस्टुला हा शब्द ऐकतांच मला भगंदर आठवला. कारण त्या रोगालाही इंग्रजींत तेंच नांव आहे. चांगल्या हाताला मुद्दाम असली व्याधि कोण करून घेईल? घरीं बसून विचार झाला. भावजय म्हणाली, "भाऊजी, मशीन अजून लागलें नाहीं, मग हात आधींच कशाला कापायचा?" धाकट्या बंधूंनीं माझ्याकडे पाहिलें. घरांत वडील मीच. मीं निकाल दिला, "तूर्त पथ्य कडक पाळूं, वेळ येईल तेव्हां पाहूं." त्या वेळीं हा निकाल मला मोठा समंजसपणाचा वाटला. खरें पाहतां त्याच्या मुळाशीं भीति होती. यंत्राची तयारी करणें म्हणजे यंत्राला आमंत्रण देणें, अशी कांहींशी समजूत मनांत दडून बसली होती.

मध्यंतरीं अशक्तपणा वाटला म्हणून एका दवाखान्यांत तिला दोनदां सलाइन लावलें. उजवा हात कामाचा, म्हणून दोन्ही वेळां तिनें डावाच हात पुढें केला. लावणारानें विचारलें नाहीं, आणि आम्हींही सांगितलें नाहीं. पुढें 2022 च्या ज्येष्ठांत एके रात्रीं तिला असा दम लागला कीं उशीला डोकें टेकवेना. पाय सुजले, लघवी जवळजवळ थांबली. पुसेगांव-कोरेगांवच्या रस्त्यानें रातोरात साताऱ्यास नेलें. तेथें तांतडीनें मानेंतील मोठ्या शिरेंत नळी घालून डायलिसिस केलें. जीव वाचला; परंतु आमच्या दिरंगाईची किंमत पुढेंच मोजावयाची होती. ती समजण्यासाठीं प्रथम यंत्राची गरज काय असते तें पाहिलें पाहिजे.

यंत्राला काय हवें असतें

निरोगी माणसाचीं दोन मूत्रपिंडें दिवसाकांठीं रक्तांतील सुमारें 180 लिटर द्रव गाळतात. त्यांतला बहुतेक सारा शरीराला परत देतात आणि लिटर-दीड लिटर मूत्र बाहेर टाकतात. हें काम अहोरात्र चालतें. यंत्राला त्याच कामासाठीं आठवड्याच्या 168 तासांपैकीं तीन खेपांचे मिळून अवघे बारा तास मिळतात. म्हणून यंत्राची घाई फार. मिनिटाला 250 ते 300 मिलिलिटर रक्त त्याला सतत हवें. म्हणजे चार तासांच्या एका बैठकींत साठ-सत्तर लिटर. शरीरांतील एकंदर रक्त पांच लिटरांच्या आसपास, तेव्हां तें सारें बारा-चौदा वेळां यंत्रांतून फिरून येतें.

एवढें रक्त आणावयाचें कोठून? शरीरांत रक्ताच्या वाहिन्या दोन प्रकारच्या. हृदयाकडून जोरानें रक्त नेणारी ती रोहिणी. हिचेच ठोके नाडींत लागतात. हृदयाकडे संथपणें रक्त परत आणणारी ती नीला, म्हणजे जिला आपण शीर म्हणतों ती. रोहिणींत वेग आहे, पण ती खोल असते, आणि तिला वारंवार टोंचणें धोक्याचें. शीर कातडीखालीं वरच दिसते, टोंचायला सोपी. पण तिच्यांतून एवढें रक्त ओढूं गेल्यास ती मिटूनच जाते. शिवाय प्रत्येक बैठकीला दोन सुया, एक रक्त नेणारी व एक परत आणणारी. वर्षाच्या 156 बैठकी धरल्या तर 312 वेध होतात. रोहिणीचा वेग आणि शिरेची सुलभता एकाच ठिकाणीं कशी आणावी, हाच या विषयांतला सारा प्रश्न आहे.

वाट शोधणारे

कृत्रिम मूत्रपिंड माणसावर चालविलें तें विलेम कोल्फ या डच डॉक्टरानें, 1943 सालीं, जर्मनांच्या ताब्यांत असलेल्या हॉलंडमधील कांपेन या गांवीं. यंत्र चाले, परंतु दर वेळीं नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, आणि कांहीं बैठकींनंतर उघडायला जागाच उरत नसे. त्यामुळें ज्याचीं मूत्रपिंडें कायमचीं गेलीं त्याला या यंत्राचा उपयोग नव्हता. जीं कांहीं दिवसांत पुन्हा सुधारतील, त्यांच्यापुरतेंच तें होतें.

ही कोंडी 1960 सालीं अमेरिकेंत सिॲटल येथें बेल्डिंग स्क्रिब्नर यांनीं फोडली. त्यांनीं एक टेफ्लॉनची नळी रोहिणींत व दुसरी शिरेंत कायमची बसविली, आणि दोहोंचीं तोंडें कातडीबाहेर काढून एकमेकांस जोडून ठेवलीं. यंत्राच्या वेळीं जोड सोडावा, काम झालें कीं पुन्हा जोडावा. क्लाइड शील्ड्स हा त्यांचा पहिला रोगी या उपायावर सुमारें अकरा वर्षें जगला. तथापि बाहेर राहिलेल्या नळीला जंतूंचा उपसर्ग होई, तींत रक्त गोठे, आणि जोड निसटला तर रक्तस्रावाचें भय असे.

पुढचें पाऊल न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत पडलें. चिमिनो व ब्रेशिया या डॉक्टरांनीं विचार केला कीं नळी बाहेर कशाला? रोहिणी आणि शीर कातडीच्या आंतच एकमेकींस जोडल्या तर? ही कल्पना अगदींच निराधार नव्हती. रक्त काढण्यासाठीं कोपराच्या लवणींत शीर टोंचतांना सुई खालच्या रोहिणींत गेली, तर दोहोंमध्यें वाट पडते व शीर फुगून थरथरूं लागते, हें विल्यम हंटरनें 1757 सालींच नमूद करून ठेवलें होतें. जें पूर्वीं अपघातानें होई तें यांनीं हेतुपूर्वक केलें. अॅपेल नांवाच्या शस्त्रवैद्यानें 1965 सालीं पहिली शस्त्रक्रिया केली आणि 1966 सालीं ती प्रसिद्ध झाली. साठ वर्षें होत आलीं, तरी याहून चांगली वाट अद्याप कोणाला सांपडलेली नाहीं.

आपल्याकडे डायलिसिस हा शब्द पुष्कळांच्या कानीं प्रथम पडला तो जयप्रकाश नारायण यांच्या आजारांत. 1975 च्या नोव्हेंबरांत बंदिवासांतून सुटल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयांत आणलें, आणि तेथून पुढें 8 ऑक्टोबर 1979 रोजीं देहावसान होईपर्यंत, जवळजवळ चार वर्षें, ते या यंत्राच्या आधारावर होते. त्या काळांत त्यांनीं केलेलें राजकारण सर्वांना ठाऊक आहे. यंत्र लागलें म्हणजे आयुष्य संपलें, असें मानणारांनीं एवढें एक उदाहरण लक्षांत ठेवावें.

तीन वाटा

आज डॉक्टरांपुढें मुख्य वाटा तीन आहेत. त्यांत पहिली व श्रेष्ठ ती फिस्टुला. आमच्या खटाव तालुक्यांत एरवीं कोरड्या असलेल्या ओढ्यांत तलावाचें पाणी सोडलें कीं दोन-चार पाळ्यांत ओढ्याचें पात्र रुंदावतें व कांठ घट्ट होतात. तसाच हा प्रकार. मनगटाशीं अंगठ्याच्या बाजूची शीर कापून तिचें तोंड शेजारच्या रोहिणीच्या कुशीला केसासारख्या बारीक धाग्यानें शिवतात. बहुधा तेवढाच भाग बधिर करून तास-दीड तासांत हें काम होतें, आणि पुष्कळदां रोगी त्याच दिवशीं घरीं येतो. मग रोहिणीचें वेगवान रक्त शिरेंत शिरून ती हळूहळू रुंद होते व तिची भिंत जाड होते. यालाच फिस्टुला पिकणें म्हणतात. याला दीड ते तीन महिने लागतात. पिकल्याची खूण म्हणून डॉक्टर सहाचा नियम सांगतात: सहा आठवड्यांच्या सुमारास शिरेची रुंदी निदान सहा मिलिमिटर व्हावी, ती कातडीखालीं सहा मिलिमिटरांहून खोल नसावी, आणि तींतून मिनिटाला सहाशें मिलिलिटर रक्त वाहावें.

प्रथम मनगट, तें न साधल्यास कोपर, तेंही न साधल्यास दंडाच्या आंतल्या बाजूची खोल शीर वर उचलून, असा क्रम साधारणतः ठेवतात; कारण खालची जागा आधीं वापरली तर वरची शिल्लक राहते. ज्या हातानें लिहितों-जेवतों तो सोडून दुसरा हात घेतात, म्हणून बहुतेकांचा डावा. शस्त्रक्रियेपूर्वीं डॉप्लर सोनोग्राफीनें शिरांचा नकाशा काढतात. एवढें करूनही सुमारें एक तृतीयांश फिस्टुले वेळेवर पिकत नाहींत. वृद्धांत, स्त्रियांत व मधुमेह्यांत हें प्रमाण अधिक. मग फुग्यानें अरुंद जागा फुगवून किंवा पुन्हा शस्त्रक्रिया करून मार्ग काढावा लागतो. उशीर परवडत नाहीं तो यासाठींच. परंतु एकदां पिकलेला फिस्टुला नीट जपला तर वर्षानुवर्षें चालतो आणि त्याला जंतूंची बाधा फार कमी होते.

दुसरी वाट ग्राफ्टची. शिरा फारच बारीक किंवा खराब असतील तर रोहिणी व शीर यांच्यामध्यें टेफ्लॉनच्याच जातीच्या पदार्थाची मऊ नळी कातडीखालून घालतात. कधीं सरळ, कधीं घोड्याच्या नालासारखी वळवून. टोंचावयाचें तें या नळीलाच. ही दोन-तीन आठवड्यांत वापरतां येते, हा तिचा गुण. परंतु ती शरीराची स्वतःची नसल्यामुळें तींत रक्त गोठण्याचा व जंतु शिरण्याचा संभव फिस्टुल्याहून अधिक, आणि तिचें आयुष्यही बहुधा कमी.

तिसरी वाट कॅथेटरची, म्हणजे मानेंतील नळीची. मानेच्या उजव्या बाजूच्या मोठ्या शिरेंतून ती हृदयाच्या जवळ नेऊन ठेवतात. घातली कीं लगेच वापरतां येते, म्हणून तांतडीच्या वेळीं हिच्यावांचून गति नाहीं. साधी नळी आठवडा-दोन आठवड्यांपुरतीच. जास्त दिवसांची गरज असेल तर छातीच्या कातडीखालून बोगदा करून दुसऱ्या जातीची नळी बसवितात, तिला परमकॅथ म्हणतात. परंतु कोणतीही नळी झाली तरी जंतूंना थेट हृदयापर्यंत नेणारी ती उघडी वाट आहे. गळ्याच्या हाडाखालच्या शिरेंत नळी घातली तर ती शीर पुढें अरुंद होऊन त्या बाजूचा हातच फिस्टुल्याला निकामी ठरूं शकतो. म्हणून ती जागा शक्य तों टाळतात.

यांतील श्रेष्ठ-कनिष्ठ हा सर्वांना एकच नियम नव्हे. फार वृद्ध व दुर्बळ रोगी, किंवा ज्याचें हृदय मोठा प्रवाह सोसणार नाहीं असा रोगी, यांना नळीच योग्य ठरूं शकते. कांहींना पोटांत नळी बसवून घरच्या घरीं करावयाचें पोटाचें डायलिसिस सोयीचें पडतें. त्यांत रक्तवाहिनीचा प्रश्नच येत नाहीं. कांहींच्या भाग्यांत मूत्रपिंडाचें रोपण असतें. पण निवड करावयाची तर हातीं वेळ हवा. आणि वेळ आम्हीं घालविला होता.

अवेध्य शिरा

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत सातव्या अध्यायांत शिरांची गणना असून आठवा अध्याय शिरावेधाचा आहे. सातशें शिरांपैकीं अठ्ठ्याण्णव शिरा अवेध्य, म्हणजे कधींही टोंचूं नयेत अशा, सांगितल्या आहेत. हे अध्याय मीं विद्यार्थिदशेंत वाचले होते. कोणत्या शिरेला हात लावावा यापेक्षां कोणत्या शिरेला लावूं नये हें वैद्यानें आधीं शिकावें, ही त्यांतली दृष्टि. सुश्रुताची गणना आजच्या शास्त्राशीं जुळते असें मला म्हणावयाचें नाहीं. पण मूत्रपिंडाच्या रोग्याच्या डाव्या हाताच्या शिरा आजच्या काळांतही अवेध्यच समजल्या पाहिजेत. श्लोक पाठ असून मला त्याचा अर्थ घरांत लावतां आला नाहीं.

मानेंत नळी घातल्याच्या एकोणिसाव्या दिवशीं, यंत्र चालूं असतांनाच, भावजयीला हुडहुडी भरून थंडी वाजली व ताप चढला. नळींतून जंतु रक्तांत गेले होते. ती नळी काढावी लागली, दुसऱ्या बाजूला नवी घालावी लागली. दोन आठवडे शिरेवाटे औषधें चाललीं. ती सांवरल्यावर डॉप्लर झालें, तेव्हां तपासणाऱ्या डॉक्टरांनीं विचारलें, "या हाताला सलाइन लावलें होतें का?" मनगटापासून वरची शीर दोन ठिकाणीं कठीण होऊन बुजली होती. मनगटाची जागा गेली. शेवटीं कोपराशीं फिस्टुला केला, आणि तो पिकेपर्यंत अडीच महिने परमकॅथ सांभाळावा लागला. त्या काळांत अंगावरून पाणी घेऊन स्नान करतां आलें नाहीं, याचें तिला तापापेक्षां अधिक दुःख झालें. मला मात्र तिनें एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. तें मला फार जड गेलें.

हात जपावा कसा

फिस्टुला झाल्यावर घरच्या मंडळींचें काम संपत नाहीं, सुरू होतें. जोडावर बोटें ठेवलीं तर मांजराच्या घुरघुरीसारखी थरथर लागते. कान लावला तर गुंजारव ऐकूं येतो. ही थरथर रोज सकाळ-संध्याकाळ पाहावी. ती मंद झाली किंवा थांबली तर उद्यांची वाट न पाहतां त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. वेळेवर गेल्यास गोठलेली वाट पुष्कळदां मोकळी करतां येते. त्या हातानें रक्तदाब मोजूं नये, रक्त काढूं देऊं नये, सलाइन लावूं देऊं नये. घट्ट बांगड्या, घड्याळ, दंडाला रुतणारी बाही नको. त्यावर डोकें ठेवून निजूं नये, जड कळशी उचलूं नये. जखम भरल्यावर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें मऊ चेंडू दाबण्याचा व्यायाम करावा. सुई दर वेळीं एकाच जागीं खुपसल्यास तेथें फुगा धरतो. म्हणून जागा बदलण्याची आठवण परिचारिकेला नम्रपणें द्यावी. हात थंड पडूं लागला, बोटें बधिर झालीं, जोड लाल होऊन दुखूं लागला, तर लपवूं नये. अकस्मात् रक्त वाहूं लागलें तर बोटानें घट्ट दाबून धरून तसेंच डॉक्टरांकडे जावें.

आमच्या घरीं बांगड्यांचा प्रश्न आलाच. सौभाग्यवतीनें डावा हात मोकळा कसा ठेवावा? माझ्या वृद्ध आत्याबाईंनींच तो सोडविला. "सौभाग्य राखायचें तर आधीं बाई राहायला हवी," असें म्हणून त्यांनीं स्वतः तिच्या डाव्या हातांतल्या बांगड्या उतरविल्या आणि उजव्या हातांत दोन जास्त भरल्या.

खर्चाच्या धास्तीनेंही पुष्कळ लोक उशीर करतात. त्यांच्या माहितीसाठीं सांगतों कीं 2016 सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमानें दारिद्र्यरेषेखालील रोग्यांसाठीं जिल्हा रुग्णालयांतून मोफत डायलिसिसची सोय केली, आणि महाराष्ट्रांत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंतही डायलिसिसचा समावेश आहे. आपल्याला काय लागू होतें याची चौकशी आधींच करून कागद तयार ठेवावे.

आज भावजय आठवड्यांतून तीनदां साताऱ्यास जाते. उरलेल्या दिवशीं स्वयंपाकघर तिचेंच. सात वर्षांचा नातू तिच्या कोपराला कान लावतो आणि म्हणतो, "आजी, तुझ्या हातांतला भुंगा जागा आहे." रोज सकाळीं मी ओसरीवरून विचारतों, "आहे ना?" आंतून उत्तर येतें, "आहे, भाऊजी." तें ऐकल्यावांचून मला चहा गोड लागत नाहीं.

वाचकहो, ज्यांच्या घरीं जुना मधुमेह किंवा रक्तदाब आहे आणि मूत्रपिंडांचें काम मंदावत चाललें आहे, त्यांनीं डॉक्टरांना तीन गोष्टी अवश्य विचाराव्या: काम शेंकडा किती उरलें आहे, डायलिसिस लागण्याचा संभव किती दिवसांत आहे, आणि हाताची तयारी केव्हां करावी. ही तयारी निदान सहा महिने आधीं व्हावी, असें जाणते सांगतात. कदाचित् यंत्र कधीं लागणारही नाहीं, आणि हातावरचा व्रण तेवढा राहील. तो राहिला तर राहूं द्यावा. आणि आजपासून कोणीही सुई घेऊन आला तर डावा हात मागें घेऊन उजव्या हाताची पाठ पुढें करावी, व कारण सांगावें. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. मीं जें एका वाक्यानें घालविलें, तें आपण एका वाक्यानें राखूं शकतां.